मॅपवर पाणी दिसतंय म्हणून कमी पाणी घेऊन निघू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाळवंटातल्या पायी भटकंतीवर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. लिहिलाय छान, फोटो पण मस्त आहेत, वाळवंट म्हणजे नुसती वाळू नसते, खडक असतात, घळी असतात, हे पण बरोबर सांगितलंय. पण शेवटी ज्या टिप्स दिल्यात त्यात एक वाक्य आहे की पाण्याचं ओझं फार नको, ऑनलाइन मॅपवर वाटेतले झरे आणि टाकी दिसतात तिथे बाटल्या भरून घ्या. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. पत्र जरा लांबलंय पण कृपा करून पूर्ण वाचा, कारण असाच मॅपवरचा एक झरा खरा आहे की नाही हे बघायला आम्ही तिघं मुद्दाम वाळवंटात चालत गेलो होतो आणि तिथे काय दिसलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये.

वाळवंट कुठलं ते मी लिहीत नाही. नाव लिहिलं की कोणीतरी लगेच फोन उघडून तीच जागा शोधणार आणि उद्या निघणार, ते मला नकोय.

झालं असं की माझ्या मावसभावाला एका ट्रेकिंग अ‍ॅपवर दोन दिवसांचा एक रूट सापडला, २६ किलोमीटरचा, आणि त्यात चौदाव्या किलोमीटरला निळा थेंब, खाली लिहिलेलं 'पिण्याचं पाणी'. अख्खा रूट त्या थेंबावर उभा होता, म्हणजे पहिल्या दिवशी जेमतेम पाणी न्यायचं आणि रात्री तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवसाचं भरायचं. खाली बऱ्याच लोकांनी रूट डाउनलोड केल्याचं दिसत होतं, पण मी प्रत्यक्ष गेलो आणि पाणी प्यायलो असं एकानेही लिहिलेलं नव्हतं. आमची एक मैत्रीण नकाशांच्या डेटावरच काम करते, तिला तो पॉइंट दाखवला तर ती बघताक्षणी म्हणाली, अरे हा झरा डोंगराच्या उतारावर कसा काय, खाली नाला सोडून पाणी उतारावर कशाला निघेल. निघू शकतं म्हणा, खडकाच्या थरांमधून निघतं कधीकधी, पण मग तिथे निदान चार झुडपं तरी हिरवी दिसायला हवीत. तिने सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं काढून बघितली, ती कुणालाही फुकट मिळतात आणि साधारण दर ५ दिवसांनी नवीन येतात, एक ठिपका १० मीटरचा असतो. हिरवं काही असेल तर इन्फ्रारेडमध्ये लालभडक उठून दिसतं. तिथे काहीच नाही, पावसानंतरच्या महिन्यांत पण नाही, कोरड्या महिन्यांत पण नाही.

अजून एक गोष्ट तिला खटकली ती म्हणजे त्या पॉइंटचे अक्षांश रेखांश. दशांश चिन्हानंतर दोनच आकडे. हे कुणी बघतच नाही पण बघायला पाहिजे, कारण अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर जवळजवळ १११ किलोमीटर, म्हणजे दोन दशांशांपर्यंत लिहिलं तर शेवटचा आकडा एकाने बदलला की जागा १ किलोमीटरहून जास्त सरकते. पाच दशांश असतील तर तेच अंतर १ मीटरच्या आसपास येतं. म्हणजे हा थेंब कुणी तिथे उभं राहून टाकलेला नव्हता, कुठल्यातरी जुन्या यादीतून आकडे गोल करून एकगठ्ठा चढवलेला होता. त्याच्यासोबत जो एकमेव फोटो होता त्यात झाडं होती आणि मागचा खडक वेगळ्याच रंगाचा होता.

मग प्रश्न आला की एवढं सगळं कळलंय तर जायचं कशाला. घरी बसून फक्त संशय घेता येतो हो. उपग्रहाच्या चित्रात १० मीटरच्या ठिपक्यात एखादी बारकी पाण्याची जागा सहज लपते. झरा नाहीच असं म्हणून तो थेंब काढला आणि खरंच तिथे पाणी असलं तर ते पण चूकच, कुणाचा तरी जीव त्या पाण्यावर वाचला असता.

आम्ही थंडीच्या दिवसांत गेलो, आणि तो रूट न धरता जवळच्या कच्च्या रस्त्यावरून, तिथून थेंब ९ किलोमीटरवर होता. तो झरा नाहीच असं धरून सगळं ठरवलं. वाळवंटात माणशी दिवसाला कमीत कमी ४ लिटर पाणी हवं असं अमेरिकेतल्या डेथ व्हॅली या वाळवंटातले रेंजर पण सांगतात, आम्ही चालणार म्हणून प्रत्येकी ७ लिटर घेतलं आणि गाडीत वेगळे कॅन ठेवले. ७ लिटर म्हणजे ७ किलो, खांदे बोलतात. एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना आणि उरलेल्याला अडचण आल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरलं. घरी कागदावर लिहून दिलं की आम्ही कुठे चाललोय आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं. मॅप ऑफलाइन घेतला, कारण जीपीएसला नेटवर्क लागत नाही पण मागचा नकाशा डाउनलोड नसेल तर कोऱ्या स्क्रीनवर नुसता एक बाण दिसतो.

पहाटे साडेपाचला निघालो. दहाच्या सुमारास पोचलो. आणि तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. स्क्रीनवर आमचा बाण सरकत सरकत बरोब्बर त्या निळ्या थेंबावर जाऊन बसला, अचूकता ४ मीटर दाखवत होता. मी मान वर केली. नुसता उतार, मुठीएवढे काळपट दगड, उन्हाने तापायला लागलेले, एक काटेरी झुडूप पण नाही. आणि तरीसुद्धा मी दोन पावलं इकडे दोन पावलं तिकडे करून दगड उचलून बघायला लागलो. आम्ही पाणी नसणार हे धरून आलो होतो, तरी माझा हात दगड उलथत होता कारण स्क्रीनवर थेंब होता. तहानेने घसा कोरडा पडलेला, बाटल्या संपलेल्या माणसाचं तिथे काय होईल हो. तो असा एक तास फिरेल, दोन तास फिरेल, आणि तेवढ्यात त्याचं परतीचं बळ संपलेलं असेल.

आम्ही ३०० मीटरपर्यंत गोल गोल शोधलं, काही नाही. मावसभाऊ म्हणायला लागला, "दादा, अजून एक किलोमीटर जाऊन बघू ना, त्या वळणापलीकडे असेल." आवाजात चिडचिड होती, जी त्याच्यात एरवी कधी नसते. त्याची बाटली बघितली तर त्याने सकाळपासून जेमतेम एक लिटर प्यायलेलं, पुढे लागेल म्हणून वाचवत होता. डोकं दुखतंय म्हणाला. मी त्याला तिथेच बसवला आणि घोट घोट करून पाणी प्यायला लावलं. हे पण सांगतो, पाणी बाटलीत वाचवून काही उपयोग नसतो, ते पोटात गेलं पाहिजे, माणसं बाटलीत पाणी शिल्लक असताना कोसळतात.

मग मैत्रिणीने फोनमध्ये ठेवलेला एक जुना स्कॅन केलेला नकाशा काढला, छापील शीट. त्यात निळी खूण होती पण खाली नाल्यात. तिने आकडे लावून बघितले, नाल्यातल्या त्या जागेचे अक्षांश रेखांश दोन दशांशांपर्यंत गोल केले की बरोबर आमच्या उतारावरचा पॉइंट येत होता. सरळ रेषेत ६०० मीटर. आम्ही उतरून गेलो आणि तिथे खरंच होतं, म्हणजे कधीकाळी होतं. सिमेंटचा एक हौद, लांबी माणूस झोपेल एवढी, एका कोपऱ्यातून तळापर्यंत तडा गेलेला. गंजून लाल झालेला पाइप खडकातून बाहेर येऊन हौदाच्या वर अधांतरी थांबलेला, मी त्याच्या तोंडात बोट घातलं तर आतून कोरडी माती निघाली. हौदाच्या तळाला चिखल वाळून त्याच्या खपल्या झालेल्या, कडा वर वळलेल्या, आणि एका खपलीवर कुठल्यातरी जनावराच्या खुराचा ठसा, पक्का वाळलेला. खडकावर पाइपाच्या खाली पांढरी क्षाराची रेघ. एवढंच. म्हणजे ज्याने छापील नकाशावर ती खूण केली तो खोटं बोलला नव्हता, त्याच्या वेळी पाणी होतं. नंतर ते आटलं, नंतर कुणीतरी आकडे गोल केले, नंतर कुणीतरी ते एकगठ्ठा चढवले, नंतर अ‍ॅपने तिथे निळा थेंब लावून 'पिण्याचं पाणी' लिहिलं. यातल्या एकानेही मुद्दाम फसवलेलं नाही, आणि शेवटी एका कोरड्या उतारावर पिण्याचं पाणी तयार झालं.

आम्ही नाल्यातल्या खडकाच्या सावलीत साडेतीनपर्यंत पडून राहिलो, ऊन उतरल्यावर परत निघालो, मावसभाऊ तोवर ठीक झाला होता. गाडीपाशी पोचलो तेव्हा अंधार पडत होता.

आता कुणी म्हणेल हे तुमच्यासोबत एकदा झालं. नाही हो. २०१२ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या पोलिसांना जाहीर इशारा द्यावा लागला होता की मिल्ड्युरा शहराला जायला अ‍ॅपलचा मॅप वापरू नका, कारण मॅप लोकांना शहरापासून सुमारे ७० किलोमीटर लांब मरे-सनसेट नॅशनल पार्कच्या मधोमध नेऊन सोडत होता. तिथे पाणी नाही आणि उन्हाळ्यात तापमान ४६ अंशांपर्यंत जातं. काही जण २४ तासांपर्यंत अडकले होते, अन्न पाणी काही नाही, फोनची रेंज शोधत मैलोनमैल चालले. कारण काय निघालं तर सरकारी नावांच्या यादीत मिल्ड्युरा दोनदा होतं, एक शहर आणि एक त्याच नावाचा मोठा प्रशासकीय भाग, आणि मॅपने त्या भागाचा मध्यबिंदू उचलला. यादी बरोबर होती, उचलताना चूक झाली. कंपनीने नंतर ते दुरुस्त केलं, पण आधी माणसं तिथे जाऊन अडकली तेव्हा कळलं.

डेथ व्हॅलीत तर रेंजर लोकांनी याला नावच देऊन टाकलंय, 'जीपीएसमुळे मृत्यू'. तिथे २००९ च्या ऑगस्टमध्ये एक आई आणि तिचा लहान मुलगा गाडी रुतून पाच दिवस अडकले होते, आई वाचली, मुलगा गेला. आणि कागदी नकाशाच्या काळात पण हेच झालंय, १९९६ च्या जुलैमध्ये चार जर्मन पर्यटक तिथे बेपत्ता झाले, दोन मोठे आणि दोन मुलं. ऑक्टोबरमध्ये त्यांची गाडी एका घळीत सापडली, माणसं नाहीत. मोठ्यांचे अवशेष सापडायला २००९ साल उजाडलं, आणि ज्याने शोधलं त्याचा अंदाज असा की ते नकाशावरच्या लष्करी हद्दीच्या दिशेने चालत गेले असावेत, हद्द म्हणजे कुंपण असेल, पहारा असेल, माणसं भेटतील असं वाटून. प्रत्यक्षात त्या बाजूला नुसतं वाळवंट आहे. नकाशावर रेघ होती, जमिनीवर काही नव्हतं. मला हे वाचून रात्री झोप लागली नव्हती.

समुद्रातलं पण एक उदाहरण द्यावंसं वाटतं कारण ते आमच्यासारखंच आहे. ऑस्ट्रेलियाजवळच्या कोरल समुद्रात सँडी आयलंड नावाचं एक बेट जगभरच्या नकाशांवर होतं, गूगलवर पण होतं, १८७६ मध्ये एका व्हेल पकडणाऱ्या जहाजाने नोंदवलेलं. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांचं जहाज तिथून गेलं तर बेटाच्या जागी साधारण १,४०० मीटर खोल पाणी. एवढी वर्षं एका नकाशावरून दुसऱ्यावर ते बेट उतरत राहिलं. तिथे जाऊन बघितलं तेव्हा संपलं.

अजून एक भानगड असते ती पण सांगून टाकतो. जुने नकाशे पृथ्वीचा आकार जरा वेगळा धरून बनवलेत, आताचा जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ नावाच्या पद्धतीवर चालतो. जुन्या शीटवरचे आकडे न बदलता तसेच्या तसे टाकले तर जागा शंभर मीटर सहज सरकते, कुठे त्याहून जास्त. आणि अंश मिनिटं विरुद्ध दशांश हा तर कायमचा घोळ. कुणी ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, ते .५० लिहायच्या ऐवजी .३० लिहिलं की ०.२ अंशाचा फरक, म्हणजे २२ किलोमीटर! मोकळ्या मैदानात २२ किलोमीटर चुकलं तर माणूस दुसऱ्याच घळीत उभा असतो. आणि फोनचं म्हणाल तर अ‍ॅपल स्वतःच सांगतं की आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरा, वाळवंटात उन्हात हातात धरलेला फोन तापून आपोआप बंद पडतो, तेव्हा तर थेंब पण गेला आणि बाण पण गेला.

मी ऑनलाइन मॅपच्या विरोधात अजिबात नाही. ओपनस्ट्रीटमॅपसारखा खुला ऑनलाइन नकाशा २००४ पासून लोकांनी आपल्या हाताने उभा केलाय, त्यात कुणालाही चूक दिसली की दुरुस्त करता येते, नोट टाकता येते, ही केवढी मोठी सोय आहे. तिथे झरा बारमाही आहे की नाही, पाणी पिण्यालायक आहे की नाही, शेवटचं कधी तपासलं, हे सगळं भरायला जागा आहे. भरत कोणी नाही. आम्ही परत आल्यावर तिथे तो पॉइंट नाल्यात सरकवला, 'पिण्याचं पाणी' काढलं, हौद कोरडा आणि फुटलेला असं लिहिलं आणि तारीख घातली. पुसून नाही टाकला, कारण पुसला तर उद्या कुणीतरी जुनी शीट बघून, अरे इथला झरा राहिलाच की, म्हणून परत चढवेल. कोरडं आहे हे लिहिलेलं राहिलं पाहिजे. जे लोक अशा ठिकाणी जातात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की काही सापडलं नाही तरी येऊन लिहा. सापडलं नाही ही सुद्धा माहितीच आहे, वाळवंटात तर तीच जास्त कामाची आहे.

पण ज्या अ‍ॅपवर भावाने रूट बघितला होता त्यांनी डेटा कधीतरी एकदा तिथून उचलून ठेवलाय, आम्ही त्यांना तीनदा कळवलं, फोटो पाठवले, आता तीन महिने होत आले तरी तिथे अजून निळा थेंब आहे आणि त्याच उतारावर आहे. आणि ज्यांनी ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून घेतलाय त्यांच्या फोनमध्ये तर तो दुरुस्त झाला तरी जुनाच राहणार.

म्हणून संपादक साहेब, विनंती अशी की त्या लेखातल्या त्या एका वाक्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत छापा, कोपऱ्यात नाही, नीट दिसेल अशी. सगळं पाणी बरोबर घेऊन निघा, मॅपवरचं पाणी मिळालं तर ते जास्तीचं समजा, एवढं लिहिलं तरी चालेल. लेखकाला पण विचारा की त्यांनी सांगितलेल्या झऱ्यांपैकी किती ठिकाणी ते स्वतः गेले आणि कुठल्या महिन्यात गेले. गेले असतील तर तो महिना आणि साल छापा, लोकांना फार उपयोग होईल. गेले नसतील तर ती ठिकाणं काढून टाका. आणि यापुढे पुरवणीत कुठल्याही आडरानातल्या जागेचा पिन छापताना कुणी, कधी, स्वतः बघितलं ही एक ओळ सोबत द्यावी, जागा फार लागत नाही.

सोबत त्या हौदाचे दोन फोटो पाठवतोय, एक तड्याचा आणि एक पाइपाचा. छापलेत तर खाली आम्ही गेलो ती तारीख नक्की टाका, फोटोच्या मागे लिहिलीय, कारण पुढच्या पावसाळ्यानंतर तिथे काय असेल ते मला इथे बसून सांगता येणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक